घोडी बुजते, की आपण?

गेल्या आषाढात एक गुरुजी दवाखान्यात आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. उजव्या मनगटाचे मोडलेले हाड जुळले होते, सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले होते. तक्रार वेगळीच होती. "डॉक्टरसाहेब, हात बरा झाला, पण झोप लागत नाही. डोळा लागला की पडल्याचा झटका बसतो."

गुरुजींच्या वडिलांनी जन्मभर दारात घोडी बाळगली होती. वडील गेले, दारातला खुंटा मोकळा राहिला. म्हणून मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून गुरुजींनी एक घोडी आणली. चार-पाच महिने बरे गेले. एके दिवशी रस्त्याकडेच्या शेतात प्लॅस्टिकचा कागद वाऱ्याने फडफडला, घोडी बाजूला उडाली आणि गुरुजी हातावर आपटले. आता घोडी त्यांना जवळ येऊ देत नव्हती. पाठीवर खोगीर ठेवले तरी कान मागे पाडायची, गोल फिरायची. "खोडील निघाली. विकून टाकतो," गुरुजी म्हणाले.

हे बोलत असताना माझी बोटे त्यांच्या नाडीवर होती. शाळेविषयी बोलत होते तेव्हा ठोके ७८ होते. घोडीचे नाव निघाले आणि मिनिटाला १०४ झाले. घोडी तेथून दोन कोसांवर होती!

मी सौम्य गोळी लिहून दिली. ती माझी चूक होती. रात्री झोपेसाठी दिलेली गोळी गुरुजींनी धीर यावा म्हणून सकाळी घेतली आणि ते घोडीकडे गेले. रिकिबीत पाय ठेवतानाच त्यांचा झोक गेला. सुदैवाने लागले नाही. भीती कमी करणारी गोळी तोल आणि चपळाईही कमी करते, हे मी त्यांना स्पष्ट सांगायला हवे होते. मग मीच एका रविवारी घोडी पाहायला गेलो. त्या दिवशी जे शिकलो आणि त्यानंतर जे वाचले, ते आज वाचकांपुढे ठेवतो. आपल्या भागात घोडे पाळणारे बरेच आहेत. ज्यांच्याकडे घोडा नाही, त्यांनाही यातून स्वतःच्या भीतीविषयी काही कळेल.

आधी दुखणे पाहा

शेजारचे एक वृद्ध गृहस्थ तेथे आले होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी उमेदीची सारी वर्षे टांगा हाकला. आबांनी घोडीच्या मानेच्या बुडाशी, खोगीर टेकते त्या उंचवट्यावर, हलकेच बोट दाबले. घोडीची कातडी थरथरली, मान वर गेली. पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावले. खोगीर त्या जागी काचत होते आणि आत सूज होती. म्हणजे घोडीच्या 'खोडी'तला काही भाग निव्वळ दुखण्याचा होता.

माणसाचे पोट दुखत असेल तर आपण त्याला 'स्वभाव बदल' असे सांगत नाही. घोड्याचेही तसेच आहे. अचानक वागणे बदलले तर आधी पाठ, तोंड आणि दात, खूर आणि नाल तपासून घ्यावेत. मन नंतर. सूज उतरेपर्यंत, सुमारे तीन आठवडे, घोडीच्या पाठीवर काही ठेवायचे नाही असे ठरले. खोगिराची गादी नव्याने भरून घेतली.

घोडा जग कसे पाहतो?

घोडा हा शिकारी प्राणी नाही, शिकार होणारा प्राणी आहे. गवताळ रानात कळपाने राहणाऱ्या या जनावराचे संरक्षण म्हणजे पाय. आधी पळायचे आणि मग मागे वळून पाहायचे, ही त्याची रीत आहे. ज्याने फडफडणारे प्लॅस्टिक पाहून 'हा वाघ आहे की कागद' असा विचार करीत वेळ घालवला, त्याची वंशवेल पुढे वाढली नाही.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. मात्र थेट कपाळासमोर आणि थेट शेपटीमागे दिसत नाही. म्हणूनच जाणती माणसे घोड्याजवळ खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जातात. त्याचे कान स्वतंत्रपणे फिरतात. कातडी इतकी हळवी की एक माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरवून तो ती उडवतो. ज्याला माशी कळते, त्याला पाठीवर बसलेल्या ७० किलोच्या माणसाची आखडलेली मांडी कळणार नाही का?

कळपातल्या एका घोड्याने मान ताठ केली की बाकीचे चरणे थांबवतात. सोबत्याच्या अंगावरून धोका ओळखण्याची ही सवय घोड्याच्या रक्तात आहे. आपण त्याच्या पाठीवर बसलो की त्याच्या कळपात आपणच उरतो. तो आपल्याला विचारीत असतो, "सगळे ठीक आहे ना?" आपण तोंडाने "हो" म्हणतो, पण अंगाने "नाही" म्हणतो. घोडे पेंड खाते ते नेमके इथेच.

बर्लिनचा हुशार हान्स

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या बर्लिन शहरात हान्स नावाच्या घोड्याने लोकांना चकित केले होते. फॉन ओस्टेन हे निवृत्त शिक्षक त्याचे मालक. ते गणित घालायचे आणि हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०४ मध्ये जाणकारांच्या समितीने तपासणी केली, पण तिला लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने बारकाईने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसले की हान्सही चुकायचा. विचारणारा त्याला दिसत नसला, तरीही चुकायचा.

उलगडा असा झाला. बरोबर आकड्यावर खूर आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलायचे, चेहऱ्यावरचा ताण सैल व्हायचा. हान्स ते टिपून थांबायचा. मालकाला आपण खूण करतो आहोत याचा पत्ताही नव्हता. घोड्याला गणित येत नव्हते, पण माणूस वाचता येत होता!

अलीकडच्या संशोधनानेही हेच दाखवले आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात २८ घोड्यांना अनोळखी माणसाचे हसऱ्या आणि रागावलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवण्यात आले. रागीट चेहरा पाहून घोड्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढले. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ च्या पुढच्या अभ्यासात असे आढळले की फोटोत रागावलेला दिसलेला माणूस काही तासांनी साध्या चेहऱ्याने समोर आला, तरी घोडे त्याच्याकडे सावधपणे पाहत.

भीती अंगात काय करते?

धोका जाणवला की मेंदूच्या हुकमावरून रक्तात अ‍ॅड्रिनलिन नावाचा स्राव मिसळतो. हृदय जोरात धडधडते, तळहात घामेजतात, स्नायू आखडतात, श्वास वरच्या वर अडकतो. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी ही निसर्गाने केलेली तयारी आहे.

आता हाच माणूस घोड्यावर बसलेला आहे अशी कल्पना करा. मांड्या आवळल्या जातात, टाचा बरगड्यांना चिकटतात, मुठी घट्ट होऊन लगाम ओढला जातो आणि धड पुढे झुकते. घोड्याच्या भाषेत टाच म्हणजे 'चल' आणि लगाम म्हणजे 'थांब'. दोन्ही हुकूम एकाच वेळी मिळाले तर त्याने काय करावे? तो गोंधळतो, मान झटकतो, आडवा होतो. त्यामुळे स्वार आणखी घाबरतो आणि आणखी आवळतो. पहिल्या भीतीने दुसरी भीती वाढते आणि शेवटी दोष 'खोडील घोड्या'वर जातो.

स्वीडनमधल्या संशोधकांनी याविषयी एक सुंदर प्रयोग केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांनी घोड्याला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालवत न्यायचे किंवा त्यावर बसून जायचे, असे चार वेळा करायचे होते. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगण्यात आले, "या वेळी तुम्ही जवळून जाताना आम्ही छत्री उघडणार आहोत." प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी माणसांचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले. छत्रीची बातमी घोड्यांना कोणी सांगितली नव्हती. ती त्यांना माणसाकडूनच कळली.

आता गुरुजींच्या अपघाताकडे पुन्हा पाहा. पहिल्यांदा घोडी कागदाला बुजली हे खरे. पण नंतर ती कागद नसतानाही बुजत होती. आबांनी पहिल्याच दिवशी हे ओळखले. गुरुजी घोडीकडे निघाले तसे आबा म्हणाले, "गुरुजी, श्वास कुठं ठेवला? आधी तो घेऊन या."

गुरुजी थबकले. खरोखरच त्यांनी श्वास रोखलेला होता.

मैत्री कशी जमते?

घोडा आणि स्वार यांच्यातली मैत्री जादूने होत नाही. ती तीन साध्या गोष्टींवर उभी असते.

पहिली गोष्ट खुणेचा अर्थ एकच असणे. आज टाच म्हणजे 'चल', उद्या तोल जातो म्हणून लागलेली टाच, परवा रागाने मारलेली टाच, असे झाले की घोडा ती खूण ऐकणेच सोडून देतो.

दुसरी गोष्ट वेळेवर सोडणे. आपण दोर ओढतो तेव्हा घोडा शिकत नाही, त्याने पाऊल टाकताच दोर सैल होतो तेव्हा शिकतो. ही सूट एक-दोन सेकंदांत मिळाली पाहिजे. पाच मिनिटांनी दिलेला गूळ त्याला गोड लागतो, पण तो कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. तसेच घरी आणून मारलेला चाबूक कशाबद्दल, हेही कळत नाही. कळते ते एवढेच की हा माणूस मारतो.

तिसरी गोष्ट सुखाचा स्पर्श. घोडे एकमेकांच्या मानेच्या बुडाशी, आयाळ संपते त्या भागात दातांनी खाजवतात. ती जागा माणसाने खाजवली तरी घोड्याचे ठोके कमी होतात, असे फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवून दिले. आपल्याकडचे मोतद्दार रोज खरारा करतात, त्यात केवळ धूळ काढणे नसते. तेवढा वेळ घोडा आणि माणूस एकमेकांची ओळख वाढवत असतात.

यातली शहाणपणाची गोष्ट फार जुनी आहे. ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. रागाच्या भरात घोड्याशी कधी वागू नये, हा त्यातला ठळक उपदेश आहे.

गुरुजींचा कार्यक्रम

पडल्यानंतरची भीती ही भित्रेपणा नव्हे. मेंदूने घेतलेली ती नोंद असते. पण जे टाळावे त्याची भीती वाढते, आणि एकदम अंगावर घेतले तरी वाढते. मधला मार्ग पायरीपायरीने जाण्याचा. आम्ही तिघांनी मिळून तो असा आखला.

पहिली पायरी : स्वारी नाही. रोज सकाळी दहा मिनिटे दुखरी जागा सोडून खरारा. गोठ्याबाहेर थांबून आधी पाच श्वास. चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. बाहेर सोडलेला श्वास लांबला की हृदयाचा वेग उतरतो. यासाठी औषध लागत नाही, सराव लागतो.

दुसरी पायरी : हातात दोर धरून अंगणात चालणे. आपण थांबलो की तिने थांबायचे, आपण निघालो की तिने निघायचे. तिने ऐकताच दोर सैल. पाचव्या-सहाव्या दिवशी गुरुजींनी दोर हलवण्याआधीच, नुसते खांदे वळताच, घोडी वळू लागली. सांगताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

तिसरी पायरी : प्लॅस्टिकचा कागद. मुलाने कागद घेऊन पन्नास पावलांवर उभे राहायचे. घोडीने कान टवकारले की तिथेच थांबायचे, तिला पाहू द्यायचे. तिने मान खाली सोडली की मुलाने कागद घेऊन मागे जायचे. मग पुन्हा थोडे जवळ. एका आठवड्यात संपेल असे वाटलेल्या या पायरीला तीन आठवडे लागले. मधे एकदा वाऱ्याने कागद सुटला आणि सगळे पहिल्यापासून करावे लागले. हाच काळ पाठीची सूज उतरायलाही कामी आला.

चौथी पायरी : हाडांच्या डॉक्टरांकडून मनगटाची ताकद तपासून घेतल्यावर स्वारी. दोर आबांच्या हातात, फक्त कदम चाल, दहा मिनिटे. सगळे छान चाललेले असतानाच उतरायचे, 'अजून एक फेरी' नाही.

'पक्की मांड' या शब्दाचा गुरुजींनी चुकीचा अर्थ घेतला होता. मांड पक्की म्हणजे आवळलेली नव्हे. मांड्या सैल, वजन खाली बैठकीत, टाच किंचित खाली, नजर पुढे. चिमट्याने धरलेली वस्तू निसटते, खाली नीट टेकलेली वस्तू टिकते. आणि श्वास अडकू नये म्हणून आबांनी एक नामी उपाय सांगितला, अभंग म्हणत राहा. गाणाऱ्या माणसाला श्वास रोखून धरता येत नाही! वैद्यकीयदृष्ट्या याहून चांगला सल्ला मला देता आला नसता.

एका पोलिओग्रस्त स्वाराची गोष्ट

भीतीवर मात करण्यासाठी ताकद लागते असे वाटणाऱ्यांसाठी लिस हार्टेल यांची गोष्ट सांगतो. डेन्मार्कच्या या घोडेस्वार बाईंना १९४४ मध्ये, पोटात मूल असताना, पोलिओ झाला. हळूहळू बरीच हालचाल परत आली, पण गुडघ्याखालचे पाय निकामीच राहिले. टाच देता येत नव्हती. घोड्यावर चढायला आणि उतरायला दुसऱ्याची मदत लागे. तरी ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात, पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धा करून, रौप्यपदक मिळवले. १९५६ मध्ये पुन्हा रौप्यपदक.

ड्रेसाजमध्ये घोड्याच्या चालीतला डौल आणि अचूकपणा पाहिला जातो. ज्या बाईंच्या पायांत जोर नव्हता, त्यांनी बैठकीचे वजन आणि पाठीचा कल एवढ्यावर घोडीशी बोलणे जमवले. हार्टेल यांच्या यशानंतर युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीच्या उपचारांना मोठी चालना मिळाली. चालत्या घोड्याची पाठ बसणाऱ्याच्या कमरेला साधारण चालण्यासारखीच हालचाल देते. त्यामुळे सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांना तोल सावरण्यासाठी तिचा उपयोग करतात. मात्र हे प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालीच करावयाचे असते.

एवढी काळजी घ्याच

मैत्री कितीही झाली तरी घोड्याचे वजन चारशे किलोंच्या घरात असते. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. डोक्यावर शिरस्त्राण हवे. फेटा शोभेला चांगला, पण तो कवटी वाचवत नाही.

२. रिकिबीत पायाचा चवडाच ठेवावा आणि टाच असलेले पादत्राण घालावे. चप्पल घालून बसू नये. पाय आरपार अडकला तर पडलेला माणूस फरफटत जातो.

३. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळू नये.

४. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. घोडा पाळणाऱ्याने लस वेळेवर घ्यावी. जखम झाली तर ती साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावी. हळद किंवा माती भरू नये.

५. घोडा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. घोड्यालाही रेबीज होऊ शकतो.

६. डोक्यावर पडल्यानंतर उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ किंवा नाकाकानातून पाणी किंवा रक्त येणे, यांपैकी काहीही झाले तर घरी वाट पाहू नये. थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे.

७. गर्भवती स्त्रिया, हाडे ठिसूळ झालेले वृद्ध, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे आणि फिट येणारे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोड्यावर बसू नये. दारू किंवा झोपेची गोळी घेऊन तर कोणीच नाही. हा धडा माझ्या चुकीतून आलेला आहे.

परवा गुरुजी रक्तदाब तपासायला आले होते. घोडी विकली नाही. रविवारी शेतापर्यंत जातात, बहुतेक कदम चालीने, कधी थोडी दुडकी. परवाच्या वाटेवर कोणाच्या तरी विहिरीवर ताडपत्री फडफडली. घोडी थांबली, कान टवकारले. "मग तुम्ही काय केलेत?" मी विचारले. ते म्हणाले, "काही नाही. मीही थांबलो. श्वास सोडला. तिने मान खाली घेतली आणि निघाली." हे सांगत असताना मी सवयीने नाडी धरली होती. ८० होती.

घरी कोणाचा घोडा, बैल किंवा लहान मूल 'उगाच बुजत' असेल, तर ओरडण्याआधी एकदा स्वतःची नाडी पाहावी, इतकेच सांगून आज थांबतो.